पारावरची रीत

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वी डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. दिवस मावळला की सगळं गाव पिंपळाच्या पारावर जमे. कोणाचं बी उगवलेलं नसे, कोणाची गाय आटलेली असे. अडलेल्याने विचारावं, ठाऊक असेल त्याने सांगावं, असा तिथला परिपाठ.

पाराची रीत सांभाळायचे एक म्हातारे कारभारी. एकाचं बोलणं संपल्याशिवाय दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. सांगून झालेलं पुन्हा विचारायचं नाही. ओरडायचं तर मुळीच नाही. या रीतीमुळे पारावर कधी भांडण झालं नव्हतं, आणि कारभाऱ्यांना त्याचा मोठा अभिमान होता.

एके संध्याकाळी एक मेंढपाळीण धापा टाकत आली. परमुलखातून येऊन ती नुकतीच डोंगरावरच्या तळ्याकाठी राहिली होती. पारावर कोणीतरी बोलत होतं. ते मध्येच तोडून ती ओरडली, "अहो, माझ्या मेंढ्या लंगडतायत, खुरं सुजलीत! काय करू?"

खुरांवरचा उपाय आदल्याच दिवशी सांगून झाला होता. कारभारी कडाडले, "काल कान कुठं ठेवले होतेस, बाई? आणि ही काय बोलायची पद्धत झाली?"

सगळे खो खो हसले. त्या हसण्यात उपाय सांगायचा राहूनच गेला. ती आल्या पावली परतली.

पुढे ती रोज पारावर येई, अगदी मागे बसे, सगळं ऐके. पण चकार शब्द काढत नसे. कारभाऱ्यांना वाटलं, बाई सुधारली.

मग एकदा तळ्याच्या बांधातून पाणी झिरपताना तिला दिसलं. संध्याकाळी कारभाऱ्यांनी विचारलं, "आणखी कोणाला काही बोलायचंय?" शब्द तिच्या ओठांपर्यंत आला. पण ते हसणं आठवलं, आणि तिने तो गिळून टाकला.

थोड्याच दिवसांत बांध फुटला. माणसं वाचली, पण शेतांतलं उभं पीक वाहून गेलं.

कारभारी तरातरा डोंगर चढून तिच्या झोपडीशी गेले. "रोज तळ्याकाठी असतेस. तुला काहीच दिसलं नाही?"

"दिसलं होतं, बाबा." तिचे डोळे भरून आले. "वाटलं, तुम्हां सगळ्यांना ठाऊकच असेल. बोलले तर पुन्हा हसाल."

कारभारी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "पोरी, त्या मेंढ्यांचं काय झालं गं?"

"निम्म्या गेल्या," ती म्हणाली.

गावाने मिळून बांध नव्याने घातला. तिनेही मातीच्या पाट्या वाहिल्या. पाराची रीत होती तशीच राहिली. पण नवं माणूस आलं की कारभारी त्याला आपल्या शेजारी बसवून घेत. आधी त्याची अडचण सोडवत, मग पाराची रीत त्याच्या कानात सांगत. काही दिवसांनी सगळ्यांत जास्त प्रश्न ती मेंढपाळीणच विचारू लागली, तेही आपली पाळी आल्यावर.

तात्पर्य: चार माणसं जिथे बोलायला जमतात, समोरासमोर असोत वा दूर दूर, तिथली रीत नवख्याला मायेनेच सांगावी.