ढाली कासविणीचं आसन

सह्याद्रीचे डोंगर अजून तरुण होते आणि प्राणी एकमेकांकडून विद्या मागून घेत, त्या काळची गोष्ट. ढाली नावाची कासवीण एकदा उतारावरून घसरून उताणी पडली आणि दिवसभर उन्हात पाय झाडत राहिली. संध्याकाळी एका काळविटाने तिला शिंगाने पालथं केलं, म्हणून वाचली. पुन्हा अशी कुणाची वाट बघायची नाही, असं तिने त्याच दिवशी ठरवलं.

ती नागगुरुजींकडे आसनं शिकायला गेली. "पाठ वाकव," गुरुजी डोलत म्हणाले. आता ढालीची पाठ कशी वाकणार? शेजारी बसलेल्या घुबडाने पोथी उघडून बजावलं, "पाठ वाकल्याशिवाय पुढचा धडा नाही." सगळा वर्ग खो-खो हसला.

ढाली मात्र घरी बसली नाही. पाठ वाकत नाही तर नाही, मान तर लांबते ना! वर्गाच्या कोपऱ्यात ती रोज मान ताणायची आणि डोकं एका दगडाला टेकवून जोर लावायची. मान भरून यायची, तरी दुसऱ्या दिवशी बाई हजर.

एका सकाळी वर्गातच तिचा पाय घसरला आणि ती पुन्हा उताणी पडली. "पाठ वाकव, पाठ!" गुरुजी ओरडले. घुबड घाईघाईने पोथीची पानं उलटू लागलं. ढालीने मान ताणली, डोकं जमिनीत रोवलं, होता नव्हता तो जोर लावला आणि धप्पकन पायांवर आली.

गुरुजींनी फणा खाली घेतला. "ढाले, हे आसन आम्हालाही शिकव."

"शिकवते की," ढाली म्हणाली. "आधी उताणे पडा, गुरुजी."