इसाकची कडी

प्रवरेवर पूल व्हायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पावसाळ्यात गुऱ्हाळं बंद असायची. मग गूळ करायची मोठी लोखंडी काहील नदीत उतरवायची, माणसं आत बसवायची आणि दोन पोहणाऱ्यांनी दोन बाजूंच्या कड्या धरून ती पलीकडं न्यायची. उंबरघाटात एका कडीला इसाक असायचा, दुसरीला शमुवेल. कडी धरली की सोडायची नाही, एवढाच त्यांचा नेम.

एका पुरात वाहत आलेली बाभळ थेट इसाकच्या अंगावर आली. तो भ्याला. कडी सोडली, बुडी मारली, आपला जीव वाचवला. शमुवेलनं एकट्यानं रेटत काहील काठाला लावली. आतली सात माणसं वाचली. शमुवेलच्या अंगात मात्र दम उरला नव्हता. पाण्यानं त्याला ओढून नेलं.

सगळा गाव त्याला शोधायला काठाकाठानं पळाला. इसाक मागं राहिला. त्यानं छिन्नीनं आपली कडी काढली, घरी कणगीत ज्वारीखाली पुरली आणि सांगितलं, "कडी तुटली. मी तरी काय करणार?"

बोल आला धोंडू लोहारावर. "कडीला पाणी पाजलं होतंस का ताक?" असं पोरंसोरं विचारायची. धोंडू म्हणायचा, "माझी कडी तुटत नाही." कोण ऐकतंय!

तीन वर्षं इसाक पाण्यात उतरला नाही. नदीचा आवाज आला की तो दार लावून घ्यायचा. चर्चमध्ये प्रभुभोजनाचं ताट फिरत आलं की भाकर न घेताच तो ते पुढं सरकवायचा. त्याच्याच मागं शमुवेलची आई सगुणाबाई बसायची. ती हे बघायची. इसाकनं प्रार्थनाही सोडली होती. डोळे मिटले की प्रभू विचारणार, कडी कुठंय?

चौथ्या पावसाळ्यात भर दुपारी नदी चढली. मधल्या बेटावर धनगरांची एकोणीस माणसं अडकली, लेकरंबाळं धरून. गाव काठावर हात चोळत उभा. काहील होती, पण एकाच कडीची. दोन्ही कड्यांना दोर बांधला असता, तर एकट्या माणसानंही ती छातीनं ओढून नेली असती.

इसाक घरी गेला. कणगीपुढं गुडघे टेकले. "प्रभू, तुला तर ठाऊकच आहे," तो म्हणाला. "आता त्यांनाही सांगतो. मग काय व्हायचं ते होवो."

त्यानं कडी आणून सगळ्यांसमोर धरली. अख्खी कडी, कुठं चीर नाही. "ही तुटली नव्हती. मी भिऊन सोडली. सगुणामावशी, शमुवेल माझ्यापायी गेला. धोंडू, तुझा काही दोष नव्हता."

मग धोंडूनं हातोडा उचलला. "ऐरणीवर तुझं टाळकंच घालायला पाहिजे," असं पुटपुटत त्यानं कडी काहिलीला ठोकून बसवली.

आता पाण्यात रिकामी काहील उलटते, आत वजन लागतं. कोण बसणार? सगुणाबाईनं पदर खोचला आणि ती आत जाऊन बसली.

"मावशी, तुम्ही नका."

"मी बसले. तू धर. आता सोडू नकोस."

इसाकनं दोन्ही कड्यांचा दोर छातीला लावून काहील लोटली. मधोमध गेल्यावर पुन्हा झाड आलं. जणू तेच झाड, असं म्हणतात. दोर तटकन तुटला. "प्रभू, मी भितोय," इसाक ओरडला, "पण सोडत नाही!" आणि त्यानं कडी धरली. दुसऱ्या कडीला कोणीच नव्हतं. तरी काहील फिरली नाही. ती कडी कोणी धरल्यासारखी ताठ राहिली, असं म्हणतात. तशाच तीन खेपा झाल्या. एकोणीसच्या एकोणीस माणसं काठाला लागली.

कोणी म्हणतं तिथं शमुवेल होता. इसाक म्हणायचा, प्रभू होता. सगुणाबाई त्या कडीजवळच बसली होती. तिनं कधीच काही सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी ताट आलं. सवयीनं इसाकनं ते पुढं सरकवलं. सगुणाबाईनं मागून येऊन ते त्याच्यासमोर धरलं. "घे की रे. किती दिवस लोकांनाच वाढणार?"

पुढं पूल झाला, काहील गंजून गेली. कडी चर्चच्या दाराला आहे. भादव्यातल्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाआधी, ज्याच्या मनावर ओझं असेल तो ती कडी धरतो आणि ज्याचा अपराध केला त्याच्या तोंडावर सांगतो. हात सैल पडला तर मागचा माणूस म्हणतो, "सोडू नकोस."

इतके हात लागून ती झिजलीय. तुटलेली नाही.