युवराजाचे दोन दात आणि सोन्याचा बुधला

एका राज्यात खजिना उघडा पडला होता, पण तिकडे बघायला कुणाला सवड नव्हती. अवघा राजवाडा युवराज हेमांगाच्या तोंडात वाकून पाहत होता. बाळाला खालचे दोन दात आले होते, अन् दोन्ही काळवंडत चालले होते.

बारशाला आसन मिळाले नाही म्हणून रुसलेल्या कृष्णजिह्व मांत्रिकाचा तो शाप होता. "वरचे दात फुटायच्या आत खालचे काळेठिक्कर पडतील, अन् पोर हसणे विसरेल."

बाळाला निजवी ती राजाची थोरली बहीण, रत्नावली. तिला अन्न गोड लागेना. तेवढ्यात खिडकीत साळुंकी येऊन बसली.

"आत्याबाई, तीन कामे कराल?"

"तीस सांग."

"हिमझऱ्याचे पाणी आणा. आठ पायांच्या कोळ्यांच्या राणीकडून फडके आणा. तिसरे मागून सांगते."

रत्नावली वाघावर बसून गेली, पाणी घेऊन आली. कोळ्यांच्या राणीने फडके विणता विणता राजवाड्यातल्या साऱ्या बातम्या विचारल्या. आत्याने एकही हातची राखली नाही. मग ओल्या फडक्याने तिने दात हळुवार पुसले. डाग गेले. बाळ निजून उठले, तो दात पुन्हा काळे.

"निजवताना काय देता?" साळुंकीने विचारले.

"चोखणे, मधात बुडवून. बारशाला कुणीसा सोन्याचा बुधला ठेवून गेला. त्यातला मध सरतच नाही."

"कुणीसा कोण, ते ओळखा. तिसरे काम हेच. आज मधाविना निजवा."

दुपारी हेमांगाने राजवाडा डोक्यावर घेतला. राजा शूरकेतू धावत आला.

"ताई, जरासा मध लाव. दरबार चालेना."

"बागेत भरव दरबार."

मग बुधलाच लाडीगोडीने बोलला, "आत्याबाई, इतक्या कठोर कशा हो झालात?"

रत्नावलीचा हात बुधल्यापर्यंत गेला, अन् मागे आला. तिने गार फडके बाळाला चावायला दिले, पाठीवर थोपटत पाळणा म्हटला. हुंदके देत देत हेमांग निजला.

बाळ मधाविना निजताच बुधला तडकला. आतून भुंगा होऊन कृष्णजिह्व निघाला. साळुंकीने त्याला गिळले.

बाळ जागे झाले तेव्हा दात तांदळाच्या कणीसारखे पांढरे होते. राजाने खात्री करायला बोट घातले. हेमांगाने ते कडकडून चावले, अन् खदखदून हसला.

"दवंडी पिटा," राजा बोट चोळत म्हणाला. "दात रोज पुसावेत, निजताना बाळाला गोड देऊ नये."

पण दवंडीवाला ढोल घेऊन निघेपर्यंत रत्नावली आत्या निम्म्या नगरात सांगून आली होती.