अध्यक्षांचा मऊ भात

एका वृद्धाश्रमाचे अध्यक्ष भाऊसाहेब देवकुळे यांनी नियम काढला, की पंचाहत्तरी गाठलेल्यांना यापुढे फक्त मऊ भात मिळेल आणि मदतनिसाचा हात धरल्याशिवाय त्यांनी जागचं उठायचं नाही. रहिवाशांना कोणी विचारलं नाही. त्यांच्या मुलांना फोन गेले आणि मुलं ‘बरं’ म्हणाली.

वामनराव चिटणीसांनी जन्मभर कॉलेजात नीतिशास्त्र शिकवलं होतं. त्यांचे दात शाबूत होते, पाय शाबूत होते, फक्त बोलायची हिंमत होत नव्हती. ‘न जाणो, भाऊसाहेबांचंच बरोबर असेल,’ असं म्हणत ते रोज मऊ भात गिळत.

पुढे खुद्द भाऊसाहेबांची पंचाहत्तरी आश्रमातच साजरी झाली. ओवाळून झालं, पाहुण्यांच्या पानात गरम बटाटेवडे पडले. तेवढ्यात वामनरावांनी भाऊसाहेबांपुढे मऊ भाताची वाटी ठेवली.

“हे काय, प्रोफेसर? माझा वडा कुठाय?”

“आजपासून तुम्हीही नियमात बसता, भाऊसाहेब. आणि हात धुवायला एकटे उठू नका हं, मी धरतो.”

“अहो, मी ठणठणीत आहे! मला न विचारता परस्पर ठरवलंत?”

“परस्पर कसं?” वामनराव चाचरत म्हणाले. “तुमच्या मुलाला फोन केला होता. तो ‘बरं’ म्हणाला.”

सगळी पंगत हसली. भाऊसाहेबांनी शेजारची खुर्ची ओढली. “बसा, प्रोफेसर. तुम्हाला काय हवंय?”

“मला वडा,” वामनराव म्हणाले. “बाकीच्यांचं त्यांनाच विचारा.”