मायलेकींची भिंत

फार फार वर्षांपूर्वी, आफ्रिकेतल्या एका मोठ्या नदीच्या काठी एक गाव होतं. त्या गावात हे घर कुणाचं, ते घर कुणाचं, असं विचारावं लागत नसे. भिंतीकडे पाहिलं की कळायचं. कुणाच्या भिंतीवर मगर, कुणाच्या भिंतीवर अजगर, तर कुणाच्या भिंतीवर फुटक्या भोपळ्याचे तुकडे.

भिंती रंगवायचं काम बायकांचं. सुगी आटोपली की शेणमातीने भिंत सारवायची, कोंबडीच्या पिसाने चित्र काढायचं आणि नदीतल्या गोट्याने घासून घासून चमकवायचं. पण हे सगळं उभ्या चटयांच्या आड! प्रत्येक घराची आपली हातोटी, ती शेजारणीला दाखवायची नाही आणि शेजारणीने विचारायची नाही. लेकीलासुद्धा चटईमागे घ्यायचं ते तिचं लग्न ठरल्यावरच. आणि घरात रंगवणारी लेक उरली नाही, की त्या घराचं चित्र मेलं असं समजायचं. दुसऱ्या कुणी ते काढायचं नाही.

त्या गावात एक बाई होती. तिच्या घराचं चित्र म्हणजे मासे धरायचं जाळं. तिच्या आजीपासून चालत आलेलं. लांबून पाहणाऱ्याला वाटे, कुणीतरी खरंच जाळं वाळत टाकलंय. तिला एकच लेक होती आणि तिचं लग्न ठरलं होतं, चार टेकड्यांपलीकडच्या गावात. तिथे भिंती रंगवायची रीतच नव्हती.

शेजारीण कुंपणावरून डोकावून म्हणाली, “पोर निघाली म्हणायची! बरंय बाई. आता तुझं जाळं तिकडच्या भिंतीवर चढणार. लोक म्हणतील, काय सुनेचा हात आहे! तुझं नाव कोण घेतंय तिथे?”

“माझी लेक आहे ती,” आई म्हणाली.

“लेकच गं. म्हणून तर म्हणते. परकी असती तर हाकलून दिली असतीस.”

एवढं बोलून शेजारीण आपल्या चुलीकडे गेली. आईच्या मनात मात्र ते बोलणं राहून गेलं. त्या दिवसापासून लेक भिंतीजवळ उभी राहिली तरी तिला खटके.

“काय बघतेस गं?”

“काही नाही आई. गाठी बघतेय.”

“कशाला?”

लेक हसली. आईला ते हसणंही खुपलं.

शिकवायचा दिवस आला. दोघी चटईमागे गेल्या. आईने माती कशी मळायची ते दाखवलं, पीस कसं धरायचं ते दाखवलं, गाठीवर गाठ कशी बसवायची तेही दाखवलं. शेवटी गोटा हातात देऊन ती म्हणाली, “आणि हे बघ, भिंत खडखडीत वाळू द्यायची. मगच घासायची.”

हे खोटं होतं. भिंत ओली असतानाच घासावी लागते, तेव्हा कुठे रंग आत मुरतो. वाळल्यावर घासली, तर पहिल्या पावसात पोपडे सुटतात.

“वाळल्यावरच ना, आई?”

“माझ्यावर विश्वास नाही का तुझा?”

लेकीने मान खाली घातली आणि ती सासरी गेली.

तुम्हाला वाटेल, आता आईला शांत झोप लागली असेल. कसली लागतेय! त्या बाजूने येणाऱ्या प्रत्येक फिरस्त्या व्यापाऱ्याला ती थांबवून विचारी, “माझ्या लेकीची भिंत पाहिलीस का?”

“पाहिली की. कोरी आहे.”

“कोरी? चटईआड लपवली असेल!”

लेक माहेरी आली की आई तिचा हात हातात घेई. लेकीला वाटे, माया. आई मात्र नखांत रंग दिसतो का ते बघे. रंग दिसत नसे, तेव्हा आई मनात म्हणे, धुऊन आली असेल.

अशी वर्षं गेली. आईची बोटं आखडली. पीस धरवेना. गावातल्या म्हाताऱ्या विचारू लागल्या, “यंदा जाळं कोण काढणार? की मेलं समजायचं?” मग मात्र तिने लेकीला बोलावणं धाडलं.

लेक आली आणि दारातच म्हणाली, “आई, जाळं काढायला मला सांगू नकोस. मला नाही जमत.”

“नाटकं करू नकोस! तिकडे काय काय रंगवलंस ते सांग आधी.”

“दोनदा रंगवलं. दोन्ही पावसाळ्यांत सगळं उतरलं. सासूबाई म्हणाल्या, आईने नीट शिकवलं नाही वाटतं. मी म्हटलं, आईने नीटच शिकवलंय, माझा हातच करंटा. मग सोडून दिलं.”

रडत रडत आईने सगळं सांगून टाकलं. लेक ओरडली नाही, भांडलीही नाही. उठून चटया उभ्या करू लागली.

लेकीच्या हातून जाळं सुरेख उमटलं. एकही गाठ चुकली नाही. आई कडेला बसून बघत होती. ऊन वर चढत होतं.

“आता घास,” आई म्हणाली. “ओली आहे तोवर.”

लेकीचा हात गोट्यावर थांबला. “ओलीच?”

“हो गं, ओलीच.”

“नक्की?”

“तुझी शपथ, पोरी! घास लवकर!”

“तेव्हाही तू असंच ठासून सांगितलं होतंस.” लेक भिंतीकडे बघे, आईकडे बघे, पुन्हा भिंतीकडे. “मला जाळं द्यायचंच नसेल तुला, तर मघाशी रडून सांगितलंस तेही कशावरून खरं?”

आई हात जोडत होती, लेक विचार करत होती, आणि भिंत वाळत होती. अखेर लेकीने गोटा टेकवला, तेव्हा ओल उरलीच नव्हती.

पहिल्या पावसात जाळं वाहून गेलं. आईला त्यापुढचं वर्ष दिसलं नाही आणि लेक पुन्हा कधी चटईमागे गेली नाही. त्या घराची भिंत कोरीच राहिली. आणि शेजारीण? ती कुंपणावरून दुसऱ्या कुणाला सांगत होती, “पोरीने मुद्दामच केलं असणार बघ!”

बोध : आईबापांनी मुलांपासून कला लपवली तर कला बुडते, आणि वारसा म्हणून मुलांच्या हाती फक्त आईबापांचा संशय येतो.