अण्णासाहेबांचा गणवेश

दहावीला शरयू तालुक्यात पहिली आली. पेठेत गणवेश विकणारं दुकान एकच, अण्णासाहेब तुप्यांचं. त्यांनी लगेच दारावर तिच्या फोटोचा फ्लेक्स चढवला आणि दुकानासमोरच सत्कार ठेवला. तिला शाल पांघरवून ते माइकवर गरजले, "आमचा गणवेश अंगावर चढला की पोरं पहिली येणारच! काय गं शरयू?"

शरयू शांतपणे म्हणाली, "अण्णासाहेब, नापास झालेल्यांचे गणवेशही तुमच्याच दुकानातले आहेत. त्यांचे फ्लेक्स कधी लावताय?"

सारी पेठ खो खो हसली. अण्णासाहेबांनी घाईघाईनं नारळ तिच्या हातात ठेवला.

शरयूला मात्र हसू येईना. तिच्या असल्या बोलण्यावर सगळ्यांत मोठ्यानं हसायची ती तिच्या बाकावरची कुंदा. नापास झाल्यापासून तिनं शरयूच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं.