न उरणारी रेघ

एका राज्यात, उगवतीच्या समुद्रापल्याड, एक राजा होता. त्याची कन्या युकारी शापाने झोपी गेली होती. मांत्रिकाशी लग्नाला नाही म्हणाली, एवढाच तिचा गुन्हा. तो मेला मांत्रिक जाताना म्हणाला, “फुलांचा रेशमी किमोनो ल्यायली तर उठेल. फुले हाताने रेखलेली हवीत, पण रेघ उरता कामा नये. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळला की तिचा दगड होईल.”

दरबारी चित्रकारांनी कुंचले खाली ठेवले. पुढे आली ती ओताने, राजकन्येची दाई. माहेरची रंगारीण. युकारी तिच्याच दुधावर वाढली होती. पोरीचे गार पाय हातात घेऊन ती ढसाढसा रडली, मग बाह्या सावरून कामाला लागली.

पहिल्या दिवशी एका खंड्या पक्ष्याने तिला पहाटे उमलून दुपारी मिटणारे निळे फूल दाखवले. “याचा रस पाण्यात मागे काही ठेवत नाही,” तो म्हणाला आणि उडाला. त्या रसाने तिने रेशमावर शेवंती रेखली, चेरीचा बहर रेखला. दुसऱ्या दिवशी चिकट तांदळाची खळ करून रेघेरेघेवर तिची बारीक धार सोडली, म्हणजे एका पाकळीचा रंग दुसरीत शिरणार नाही. तिसऱ्या दिवशी रंग भरून तो पक्का व्हावा म्हणून वाफ दिली. फुलांना वास सुटला, फुलपाखरे येऊन बसली.

राजा हरखला. “घाला तिच्या अंगावर!”

“आधी नदीत धुवायचा आहे, महाराज. खळीखाली रेघ आहे.”

“रंग गेला तर माझी मुलगी गेली! पाण्यात घातलास तर हात तोडीन.”

“तोडा. पण नंतर.”

राजवाड्याच्या पायऱ्यांखालीच नदी होती. शिपायांनी तलवारी उपसेपर्यंत ओताने कमरेइतक्या पाण्यात होती. खळ सुटली, निळा रस विरून गेला. रेघेच्या जागी कोरे रेशीम उरले आणि रंग तसूभरही हलला नाही. निथळता किमोनो तिने तसाच पोरीच्या अंगावर घातला.

सूर्य बुडाला.

युकारी शिंकली.

“दाईआई, ओलंच का गं घातलंस? हुडहुडी भरली ना मला!”

त्याच क्षणी मांत्रिकाची विद्या आटली, तो कुठे गेला कोणी विचारलेही नाही. “शेगडी आणा रे!” ओरडत राजा स्वतःच अनवाणी धावला. ओताने पोरीला कुशीत घेऊन रडत राहिली, आणि शिक्षेची आठवण ना तिला राहिली, ना राजाला.